कर्णधाराचा सौदा आणि चाहत्याची निष्ठा

संघाने आपला कर्णधार दुसऱ्या संघाला दिला की चाहत्याची निष्ठा नेमकी कोणावर होती, हा प्रश्न उभा राहतो. ९ ऑगस्ट १९८८ रोजी कॅनडातील एडमंटन ऑयलर्स या आइस हॉकी संघाने वेन ग्रेट्स्की याला लॉस एंजेलिस किंग्ज संघाकडे पाठवले, तेव्हा हा प्रश्न एका संपूर्ण शहरापुढे आला. १९८४, १९८५, १९८७ आणि १९८८ असे चार स्टॅन्ली चषक ऑयलर्सने त्याच्या नेतृत्वाखाली जिंकले होते. सौद्यात ऑयलर्सला काही खेळाडू, नवोदितांच्या निवडीतील पहिल्या फेरीचे तीन हक्क आणि दीड कोटी अमेरिकी डॉलर मिळाले. मालक पीटर पॉकलिंग्टन यांच्या पुतळ्याचे दहन झाले आणि सरकारने सौदा रोखावा, अशी मागणी संसद सदस्य नेल्सन रीस यांनी केली.

या संतापामागचा पहिला आक्षेप नैतिक आहे. इमॅन्युएल कांट यांनी १७८५ मध्ये किंमत आणि प्रतिष्ठा यांत भेद केला. किंमत असलेल्या वस्तूच्या जागी तितक्याच मोलाची दुसरी वस्तू ठेवता येते. माणसाच्या बाबतीत अशी अदलाबदल संभवत नाही. कायद्याच्या दृष्टीने हस्तांतर होते ते करारातील हक्कांचे, खेळाडूचे नव्हे. पण चाहता मैदानावर माणूस पाहतो, करार पाहत नाही. म्हणून सौदा कायदेशीर असूनही त्याला तो अपमान वाटतो.

दुसरा प्रश्न संघाच्या अस्तित्वाचा आहे. ‘मिलिंदपन्ह’ या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन राजा मिलिंदाला विचारतात की चाके, आस आणि जू यांपैकी रथ कोणता. कोणताही सुटा भाग रथ ठरत नाही; भागांच्या विशिष्ट जुळणीला व्यवहारात दिलेले ते नाव आहे. हा विचार संघाला लावला, तर खेळाडू, प्रशिक्षक, मालक वा मैदान यांपैकी कोणीही एकटा संघ नसतो. मार्क मेसिए कर्णधार असताना ऑयलर्सने १९९० चा चषक जिंकला, तोही त्याच नावाने.

म्हणून व्यक्तीवरची निष्ठा भाबडी ठरते का? तसे नाही. नागसेनांचा युक्तिवाद रथ नाकारत नाही, फक्त त्यात कायमस्वरूपी गाभा मानत नाही. ऑक्टोबर १९८९ मध्ये ग्रेट्स्कीने किंग्जच्या पोशाखात, एडमंटनच्याच बर्फावर, गॉर्डी हाऊ यांचा १८५० गुणांचा विक्रम मोडला आणि एडमंटनच्या प्रेक्षकांनी त्याला उभे राहून मानवंदना दिली. शहराने संघ सोडला नव्हता आणि खेळाडूही परका केला नव्हता.

उरतो तो हक्काचा प्रश्न. संघाची मालकी मालकाकडे असते, पण त्याचा अर्थ चाहत्यांच्या वर्षानुवर्षांच्या सहभागातून घडतो. या सहभागातून सौदा रद्द करण्याचा अधिकार मिळत नाही. मात्र निर्णयाचे कारण मागण्याचा नैतिक दावा निर्माण होतो. चाहत्याची निराशा बौद्ध विचाराच्या कसोटीवर आसक्ती ठरेल, कारण बदलणाऱ्या गोष्टीकडून ती स्थैर्याची अपेक्षा करते. तरी अपेक्षा अवास्तव म्हणून त्या दाव्याची योग्यता संपत नाही: दुःखाचे मूळ चाहत्यात असू शकते आणि तरीही मालक उत्तर देण्यास बांधील असू शकतो.