सोळाव्या चॅनलवरची हाक

कतारच्या उत्तर टोकाला अल रुवैस हे मासेमारीचं बंदर. खोल समुद्रात होडीला आग लागली, तर मोबाइल मुका होतो. उरतो व्हीएचएफ रेडिओचा १६ नंबरचा चॅनल.

पुराणातल्या गजेंद्राने विष्णूला हाक मारली होती. या चॅनलवरची हाक मात्र ऐकेल त्याची. मग बांधील कोण? कुराणाची पाचवी सुरा एक जीव वाचवणं म्हणजे साऱ्या मानवजातीला वाचवणं मानते, पण त्याआधी हाक कानी पडायला हवी. १९१२ साली ‘टायटॅनिक’ बुडताना जवळच्या ‘कॅलिफोर्नियन’चा रेडिओ ऑपरेटर झोपला होता. त्याला पापी कसं म्हणावं? त्याची ड्यूटी संपली होती!

समुद्री सुरक्षेच्या १९१४ च्या सोलास करारात अहोरात्र ऐकत राहण्याची अट आली. धर्माने सांगितलेलं कायद्याला पुन्हा सांगावं लागलं. मासेमारीच्या होड्या मात्र आजही सोलासच्या बहुतेक नियमांबाहेरच आहेत.