राखलेले जंगल कोणाचे?

डोंगरातले जुने, राखलेले जंगल पाहायला आपण जातो, प्रवेशाचे तिकीट काढतो आणि हिशेब चुकता झाला असे समजतो. पण ते जंगल टिकले ते कुणीतरी काहीतरी सोडले म्हणून. त्याची किंमत तिकिटात कुठे असते?

केरळातील सायलेंट व्हॅलीचेच पाहा. आपल्या सह्याद्रीची रांग दक्षिणेत निलगिरीला मिळते, तिथे पालक्काड जिल्ह्यात हे सदाहरित अरण्य आहे. कुंतीपुझा नदीवर धरण बांधून १२० मेगावॅट वीज करायची योजना होती. पालक्काड आणि मलप्पुरम जिल्ह्यांतल्या शेतीला पाणी मिळणार होते. ज्या मलबारला मागासलेपण सोसावे लागले, त्याला हे आश्वासन लहान नव्हते. दुसऱ्या बाजूला हजारो वर्षांचे अरण्य होते, सिंहपुच्छ वानरांचे घर होते. केरळ शास्त्र साहित्य परिषदेने गावोगाव जागृती केली, कवींनी लिहिले, पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली यांनीही जंगलाची बाजू घेतली. १९८३ मध्ये योजना सोडण्यात आली, १९८४ मध्ये ८९.५२ चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले.

हा निर्णय योग्यच होता असे माझे मत आहे. वीज दुसऱ्या मार्गाने मिळवता येते, असे अरण्य पुन्हा उभे करता येत नाही. परंतु योग्य निर्णयाचाही भार कुणावर तरी पडतो. पर्यटक मुक्काली गावातून जीपने सैरंध्रीपर्यंत जातो, मनोऱ्यावरून हिरवे डोंगर पाहतो आणि परततो. हे मुक्काली ज्या अट्टप्पाडी भागात आहे, तिथल्या आदिवासी बालकांच्या मृत्यूंच्या आणि कुपोषणाच्या बातम्या २०१३ मध्ये देशभर आल्या. जंगल सुरक्षित आणि दाराशी मूल उपाशी, असे चित्र असेल तर आपल्या रक्षणात काहीतरी उणे आहे.

इस्लामी परंपरेत राखीव जमिनीची 'हिमा' ही जुनी पद्धत आहे. सर्वांच्या हितासाठी एखादे कुरण राखले जाई. हजरत उमर यांनी अशा कुरणाच्या रखवालदाराला दिलेली ताकीद हदीसच्या ग्रंथांत नोंदलेली आहे. मोजकी उंट-मेंढरे असणाऱ्या गरिबाला आत येऊ दे, मोठ्या कळपांच्या धनिकांना मात्र आवर. कारण गरिबाची जनावरे मेली तर तो लेकरांसह खलिफाच्याच दारी येईल. राखण्याचा हेतू आणि गरिबाचा हक्क या दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच वाक्यात सांभाळल्या. आपली राष्ट्रीय उद्याने या कसोटीला कितपत उतरतात?

महाराष्ट्राने कोयनेला उलट निवड केली. तिथे धरण झाले, दरी पाण्याखाली गेली, गावे उठली आणि त्या विजेवर आपल्या घरांत दिवे लागले. उरलेल्या रानाचे १९८५ मध्ये अभयारण्य झाले. २०१२ मध्ये पश्चिम घाट जागतिक वारसा ठरला, तेव्हा सायलेंट व्हॅली आणि कोयना एकाच यादीत आली. एकीकडे विजेचे आश्वासन सोडून जंगल राखले, दुसरीकडे गावे हलवून वीज मिळवली. दोन्हींकडे त्याग दुर्बलांच्याच वाट्याला आला.

म्हणून जंगल पाहण्यास जाऊ नये असे नाही. जरूर जावे. मात्र गाभ्याचे दार आपल्यासाठी बंद असेल तर तक्रार करू नये, कारण सगळे पाहणे हा आपला हक्क नाही. वाट दाखवणाऱ्याला योग्य मोबदला मिळतो का, पायथ्याच्या वस्तीला वीज, पाणी, दवाखाना आहे का, एवढे मात्र विचारावे. आणि परतल्यावर मतदार म्हणून, करदाते म्हणून त्यांच्या बाजूने बोलावे. जंगल ही अमानत आहे असे आपण सहज म्हणतो. अमानत सांभाळणाऱ्याला उपाशी ठेवून ती सांभाळली जात नाही.