यात्रेकरूचा मुक्काम आणि खोलीचा दर

महाभारताच्या वनपर्वात पुलस्त्य ऋषी भीष्मांना तीर्थयात्रेचे माहात्म्य सांगतात, तेव्हा त्यांनी दिलेले कारण मोठे व्यवहारी आहे. यज्ञाला सामग्री लागते, ऋत्विज लागतात, पैसा लागतो. तो राजाने करावा, नाहीतर धनवंताने. दरिद्री माणसाला झेपेल आणि तरीही यज्ञापेक्षा उणे पडणार नाही, असे कर्म म्हणजे तीर्थाटन. त्याच प्रकरणात फळाच्या अटीही घातल्या आहेत. हातपाय आणि मन ताब्यात असावे, मिळेल त्यात संतोष असावा आणि प्रतिग्रह, म्हणजे दान घेणे, टाळावे. या अटी आणि गरिबाची सोय शेजारी ठेवली की मुक्कामाचा प्रश्न धर्माचा होऊन बसतो. गरिबाने यात्रा करायची तर निवारा फुकट किंवा स्वस्त हवा. पण दान घ्यायचे नसेल तर फुकटच्या छपराखाली निजायचे कसे? आणि ज्याला परवडते त्याने वातानुकूलित खोली घेतली, तर त्याची संतोषाची अट मोडते का?

बीड जिल्ह्यात हे प्रश्न बारमाही आहेत, कारण इथली तीर्थे एका घडणीची नाहीत. परळीचा वैजनाथ बारा ज्योतिर्लिंगांत गणला जातो. झारखंडमधील देवघरही तोच मान सांगते, तो वाद वेगळा. अंबाजोगाईची योगेश्वरी कोकणस्थांच्या अनेक घराण्यांची कुलस्वामिनी. बीडजवळच्या कपिलधारला मन्मथस्वामींची समाधी असून कार्तिकी पौर्णिमेला तिथे वीरशैव समाजाची मोठी यात्रा भरते. नारायणगड, गहिनीनाथगड आणि जिल्ह्याच्या सीमेलगतचा भगवानगड ही वारकरी परंपरेची ठाणी आहेत. गोदाकाठी पांचाळेश्वरला महानुभावांचे आत्मतीर्थ आहे. प्रत्येक ठिकाणी रात्र काढण्याची रीत निराळी आणि तिच्यामागचा विचारही निराळा.

परळीत पैशाच्या हिशेबाने पायऱ्या स्पष्ट दिसतात. सर्वांत खाली देवळाच्या परिसरातली ओवरी किंवा स्टेशनचा फलाट. इथे वळकटी उशाला घेऊन पडायचे, मोल शून्य. त्यावर धर्मशाळेचा सामाईक हॉल: सतरंजी, सामाईक न्हाणी, सामान आपले आपण सांभाळायचे. त्यावर भक्तनिवासाची खोली. खिडकीवर आधार कार्डाची झेरॉक्स द्यायची, अनामत भरायची, चादर-उशी मोजून घ्यायची आणि पहाटे गरम पाणी किती वाजेपर्यंत येते हे विचारून ठेवायचे. सगळ्यांत वर गावातले लॉज. औष्णिक विद्युत केंद्रामुळे तिथे यात्रेकरूखेरीज ठेकेदार आणि कारागिरांचाही राबता असतो, त्यामुळे लॉजवाल्याचे सारे गणित वैजनाथावर अवलंबून नसते. महाशिवरात्रीला आणि श्रावणी सोमवारी मात्र हा जिना कोसळतो. पैसे असूनही खोली मिळत नाही आणि ओवरीत सगळेच येतात.

अंबाजोगाईची जुनी रीत याहून वेगळी होती. कुळाचारासाठी आलेले कुटुंब आपल्या क्षेत्रोपाध्यायांच्या घरी उतरे. जेवण तिथेच, पूजा त्यांच्याच हातून, वहीत पूर्वजांची नावे दाखवून नवी नावे लिहिली जात आणि निघताना दक्षिणा दिली जाई. भाडे ठरलेले नसे, ऐपत ओळखली जाई. या गावाची आख्यायिकाच एका मुक्कामाची आहे, हेही ओघाने सांगावे लागते. परळीच्या वैजनाथाशी लग्न ठरलेली योगेश्वरी कोकणातून वऱ्हाडासह निघाली, मुहूर्त टळला, वऱ्हाड दगडाचे झाले आणि देवी आहे तिथेच राहिली. गावाजवळच्या कोरीव लेण्यांना लोक जोगाईचा मंडप म्हणतात ते यामुळेच.

यात्रेतल्या गैरसोयीला पुण्य असते, ही समजूत सर्वत्र आढळते आणि तिला ग्रंथाचा आधारही दाखवता येतो. मत्स्यपुराणात प्रयागच्या संदर्भात वाहनाने केलेली यात्रा निष्फळ ठरवली आहे. पण तिथला शब्दप्रयोग नीट वाचला तर दोष वाहनाला नाही. ऐश्वर्याच्या लोभाने किंवा मोहाने वाहन वापरण्याला आहे. आजारी म्हाताऱ्याच्या डोलीला हा निषेध लावणे म्हणजे ग्रंथाचा अर्थ ओढून ताणून काढणे. भगवद्गीता तर याबाबत अधिक रोखठोक आहे. सतराव्या अध्यायात दंभाने शरीराला छळणारे घोर तप आसुरी म्हटले आहे आणि सहाव्यात झोप व जागरण दोन्ही बेताचे असावे असे सांगितले आहे. फरशीवर निजण्यात आपोआप पुण्य नाही आणि गादीवर निजण्यात आपोआप पापही नाही.

बीड जिल्ह्यात या मुद्द्याला एक धार येते, ती अन्यत्र क्वचितच जाणवेल. इथली लाखो माणसे दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि जवळपास सहा महिने फडाजवळच्या कोपीत राहतात. कोपी म्हणजे बांबू, पाचट आणि वरून ताडपत्री. आत वाकून शिरायचे, चूल दारात, थंडीत जमिनीला ओल. गडांच्या भक्तगणांत या मजुरांचा भरणा मोठा आहे. असे कुटुंब गडावर मुक्कामी येऊन फरशीवर पाठ टेकते, तेव्हा ते तप करीत नसते. वर्षातली बरी झोप घेत असते. त्याच फरशीवर शेजारी पुण्याहून आलेला नोकरदार 'साधेपणा अनुभवायला' निजला असेल, तर तप म्हणता येईल ते त्याचे. त्यागाला आधी काहीतरी हाती असावे लागते. म्हणून अमुक दराची खोली धार्मिक आणि अमुक दराची भोगी, अशी विभागणी टिकत नाही. एकाला जे व्रत, ते दुसऱ्याला रोजचे जिणे असते, आणि गरिबाच्या गैरसोयीला पुण्य म्हणून गौरवणे ही सुखवस्तूंची सोय आहे.

राहिला प्रतिग्रहाचा प्रश्न. धर्मशास्त्रकारांनी तो बऱ्याच बारकाईने सोडवला आहे. दान आणि उत्सर्ग या दोन गोष्टी ते वेगळ्या मानतात. दानात देणारा असतो आणि ठरावीक घेणारा असतो. घेणाऱ्याने स्वीकार केला की मालकी बदलते. विहीर, तळे, बाग, धर्मशाळा यांना पूर्त म्हणतात आणि ती सर्व प्राण्यांसाठी सोडून दिली जातात, हा उत्सर्ग. इथे कोणी एक घेणारा नसतो. सोडून दिल्यावर मूळ मालकही तिथे इतरांसारखाच एक होतो. त्याने स्वतःच्या तळ्याचे पाणी प्यायले तरी ते सर्वांपैकी एक म्हणून. या न्यायाने धर्मशाळेत फुकट उतरणारा दान घेत नाही. सर्वांच्या वस्तूचा तो आपल्या वाट्याइतका उपयोग करतो. त्याने मान खाली घालण्याचे कारण उरत नाही, तसेच 'आम्ही बांधून दिली' हे सांगण्याचा देणाऱ्याचा हक्कही उरत नाही. भिंतीवर देणगीदारांच्या संगमरवरी पाट्या लागतात, तिथे उत्सर्ग पुन्हा दानाकडे झुकतो. ही पाटी काढावी असे कोणी म्हणणार नाही, पण ती शास्त्राने लावलेली नाही, एवढे खरे.

'सर्वांसाठी' या शब्दाचा इतिहास मात्र फारसा उजळ नाही. तीर्थक्षेत्री धर्मशाळा जातवार होत्या आणि काहींना कुठेच जागा नव्हती. गाडगे महाराजांनी पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक, मुंबई इथे धर्मशाळा उभारल्या, त्या या पार्श्वभूमीवर पाहाव्या लागतात. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी अस्पृश्य यात्रेकरूंसाठी बांधली आणि 1949 मध्ये ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. तिथल्या देवळाचे दार अस्पृश्यांना उघडण्यासाठी साने गुरुजींना 1947 मध्ये उपोषण करावे लागले. निजायच्या जागेची लढाई त्याआधीच बांधकामाने सुरू झाली होती. आज खोली जातीवर नव्हे, दरावर मिळते. ही सुधारणा आहे, यात शंका नाही. पैसा कमावता येतो, जात बदलता येत नव्हती. पण दरपत्रकही माणसे वेगळी करतेच, आणि काही नियम दराखेरीजही माणसे गाळतात. अनेक भक्तनिवासांत एकट्या माणसाला खोली देत नाहीत. कारणे सुरक्षिततेची असतात. ज्या परंपरेत एकट्याने फिरणारा संन्यासी हा आदर्श यात्रिक, तिथे त्याच्यावरच हॉलमध्ये जाण्याची पाळी येते.

कायद्यानेही धर्मशाळा आणि लॉज यांच्यात एक रेघ ओढली आहे. 2017 मध्ये वस्तू आणि सेवा कर आला, तेव्हा धार्मिक स्थळाच्या आवारातील धर्मादाय संस्थेच्या खोल्यांना सूट मिळाली, पण दिवसाचे भाडे 1000 रुपयांच्या आत असेल तरच. उत्सर्गाची सीमा रुपयांत मोजण्याचा हा प्रयत्न ओबडधोबड असला, तरी अर्थहीन नाही. भाडे एका मर्यादेपलीकडे गेले की वस्तू 'सर्वांची' राहत नाही, हे शास्त्रकारांनाही पटले असते. आकडा कोणता, यावर ते वाद घालत बसले असते.

हा सगळा जिनाच नाकारणाऱ्या परंपराही याच भूमीत आहेत. महानुभावांच्या चक्रधरस्वामींनी अनुयायांना एके जागी रुजू नये, गावाबाहेर झाडाखाली आयुष्य काढावे अशी शिकवण दिली. पांचाळेश्वरला पुढे मठ उभे राहिले, तरी ती शिकवण ग्रंथांत कायम आहे. वीरशैवांत फिरत राहणाऱ्या जंगमाला मान आहे. सूफी कथांतल्या राजा इब्राहिम बिन अदहमचा महाल तर एका फकिराने सरळ सराईच ठरवला: आधी इथे कोण राहत होते, त्याआधी कोण, असे विचारत.

पायी वारीची व्यवस्था खोल्यांचा हा जिना आणि त्याचा नकार यांच्या मधली आहे. पैठणहून निघणारी एकनाथ महाराजांची पालखी रायमोहा, पाटोद्यावरून जाते; शेगावची गजानन महाराजांची पालखी परळी-अंबाजोगाईवरून. दिंडीत नाव घालणारा ठरलेली भिशी भरतो आणि त्यात जेवण व राहुटीतली जागा येते. भिशी सर्वांना सारखी, जागाही सारखी. भिशी न भरता मागून चालणारेही असतात. त्यांची सोय गावकरी शाळेच्या वर्गात, मारुतीच्या पारावर, कुणाच्या ओसरीवर करतात. अलीकडे तिसरा वर्गही दिसू लागला आहे. दिवसभर दिंडीत चालून संध्याकाळी हे वारकरी जीपने पुढच्या गावातल्या लॉजवर जातात आणि पहाटे पुन्हा चालत्या दिंडीत येऊन मिळतात. विणेकरी त्यांना अडवत नाही.