अर्क आणि चोथा

वैशाखात सातपुड्यातल्या अक्राणीच्या डोंगरात शिरलात, तर धडगावच्या आसपास खडकांवर, छपरांवर, अंगणात अंथरलेल्या जुन्या लुगड्यांवर कैरीच्या फोडी वाळत पडलेल्या दिसतात. हा आमचूर. कैरी उतरवली की सोलायची, पातळ कापायची आणि लगोलग उन्हात टाकायची, अशी घाई घरोघर चाललेली असते. फोड जेवढी पांढरी तेवढा भाव चांगला. काळी पडली की व्यापारी नाक मुरडतो. अवेळी आभाळ भरून आले की सगळे घर धावते, कारण एवढ्या मेहनतीचा माल एका ओल्या रात्रीत तपकिरी होऊ शकतो.

फोड काळी का पडते? कैरीच्या पेशीत फिनॉल जातीची संयुगे एका कप्प्यात असतात आणि त्यांची हवेतल्या ऑक्सिजनशी गाठ घालून देणारे एन्झाइम दुसऱ्या कप्प्यात. सुरी फिरली की मधली भिंत फुटते. फिनॉलांचे क्विनोन होतात, क्विनोनांच्या साखळ्या जुळत जातात आणि तो मातकट रंग येतो. कैरीचा आंबटपणा एन्झाइमला थोडे रोखून धरतो. ऊन पाणी ओढून घेते आणि त्याचे काम बंद पाडते. इथली पावरा आदिवासी बाई हा सगळा हिशोब हाताच्या वेगाने सांभाळते. आमचूर करणाऱ्यांची ही डोकेदुखी औषधी वनस्पतींच्या अभ्यासकाला मात्र हवी असते. ज्या संयुगांमुळे फोडीचा भाव उतरतो, त्यांच्याच गोतावळ्याला तो ॲंटिऑक्सिडंट म्हणतो. ती ऑक्सिडीकरणाला आधी स्वतः बळी पडतात आणि तेवढ्यापुरते शेजारच्या रेणूंना वाचवतात. त्यांचा गुण तो एवढाच.

हे बळी जाणे मोजायचे कसे, यावर बरेच संशोधन उभे आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी शहादा, नंदुरबार, पलीकडे शिरपूर, जळगाव अशी महाविद्यालयांची आणि औषधनिर्माणशास्त्राच्या संस्थांची ओळच आहे. डी. ए. पाटील यांचा धुळे-नंदुरबार जिल्ह्यांच्या वनस्पतींवरचा ग्रंथ २००३ साली आला, त्यामुळे या भागात काय उगवते याची शास्त्रीय नोंदही हाताशी आहे. मग एखादा विद्यार्थी तोरणमाळच्या बाजूने पाला किंवा साल आणतो, सावलीत वाळवतो, दळतो. पूड कागदाच्या जाड नळीत भरून सॉक्सलेटच्या काचेच्या उपकरणात ठेवतो. खाली मिथेनॉल उकळते, वाफ वर जाऊन थंड होते, थेंबाथेंबाने पुडीवर पडते. भांडे काठोकाठ भरले की बाजूच्या बारीक वाकड्या नळीतून सगळा रंगीत द्रव एकदम खाली ओढला जातो आणि फेरा पुन्हा सुरू. पहिला फेरा गडद हिरवा उतरतो, मग पोपटी, शेवटी नळीतले मिथेनॉल जवळजवळ पाण्यासारखे दिसू लागते. फ्रान्झ फॉन सॉक्सलेट या जर्मन रसायनतज्ज्ञाने १८७९ साली हे उपकरण दुधातली चरबी मोजायला केले होते. आज त्यात सातपुड्याची सालई फिरते.

मिथेनॉल उडवून जो चिकट गोळा राहतो तो अर्क. त्याची परीक्षा डीपीपीएच या जांभळ्या रसायनाने होते. हा एक टिकाऊ मुक्तमूलक, म्हणजे एक इलेक्ट्रॉन एकाकी राहिलेला रेणू. अर्कातले फिनॉल त्याला हायड्रोजन किंवा इलेक्ट्रॉन देते आणि जांभळा रंग पिवळट होतो. अर्धा तास अंधारात ठेवून ५१७ नॅनोमीटरवर रंग किती उतरला ते पाहायचे. ब्लॉइस यांनी १९५८ साली मांडलेली ही पद्धत स्वस्त आहे, सोपी आहे आणि हमखास उत्तर देते. माझी तक्रार त्या हमखासपणाबद्दलच आहे. हिरव्या पानात फिनॉल असतेच. झाड ते ऊन सोसायला, किडीला परतवायला, चरणाऱ्याच्या तोंडाला तुरट लागायला स्वतःसाठी तयार करते. त्यामुळे जवळजवळ कोणतेही पान या परीक्षेत उत्तीर्ण होते आणि ‘या वनस्पतीत लक्षणीय ॲंटिऑक्सिडंट क्षमता आढळली’ हे वाक्य छापून येते. डीपीपीएच आपल्या शरीरात नसते. पोटात गेलेली फिनॉले थोडीच शोषली जातात, यकृत त्यांचे रूप पालटून टाकते, रक्तात उरतो तो अंश. पदार्थांची ॲंटिऑक्सिडंट क्षमता सांगणारी एक मोठी यादी अमेरिकेच्या कृषी खात्याने प्रसिद्ध केली होती. परीक्षानळीतल्या आकड्यांवरून शरीरावरचा परिणाम सांगता येत नाही आणि जाहिरातवाले मात्र तेच आकडे वापरतात, म्हणून ती २०१२ साली त्या खात्यानेच मागे घेतली.

त्या विद्यार्थ्याने मिथेनॉलऐवजी पेट्रोलियम ईथर घेतले असते तर त्याच पुडीतून मेण, चरबी, रंगद्रव्ये उतरली असती. पाणी घेतले असते तर शर्करा, डिंक आणि टॅनिन. सत्तर टक्के इथेनॉलने आणखी निराळे काही आले असते. म्हणजे ‘या झाडात काय आहे’ हा प्रश्न अर्धाच आहे. कशाने विचारले हे सांगितल्याशिवाय त्याला उत्तर नाही. आणि दरवेळी जे उतरत नाही ते चोथा म्हणून फेकले जाते.

आयुर्वेदाने ही निवड फार पूर्वी ग्रंथात लिहून ठेवली. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, चौथ्या अध्यायात, पाच कषायकल्पना आहेत: स्वरस, कल्क, शृत, शीत आणि फांट. अंगचा रस, वाटलेला गोळा, काढा, रात्रभर थंड पाण्यात भिजवलेले, आणि गरम पाण्यात घालून गाळलेले. शार्ङ्गधर या ग्रंथकाराने पुढे मापे दिली. काढ्याला औषधाच्या सोळापट पाणी घ्यावे आणि आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवावे. हिमासाठी, म्हणजे शीतासाठी, औषध सहापट पाण्यात रात्रभर ठेवावे. पाण्यात न येणारे ते तुपातेलात उतरवण्यासाठी घृत-तैले, आणि मडक्यातच मद्य तयार होऊन त्यात उतरावे म्हणून आसव-अरिष्टे. चरकाच्या त्या अध्यायात मला मोलाची वाटते ती एक साधी अट: पाचांतली पहिली जड, पुढची हलकी, कोणती द्यायची ते रोगाचे आणि रोग्याचे बळ पाहून ठरवावे, सगळ्या कल्पना सगळीकडे चालत नाहीत. इथे द्रावक ठरवताना समोर माणूस आहे. प्रयोगशाळेत तो नसतो, आणि तसा तो नसावा हेही मला मान्य आहे, कारण मोजमापाला स्थिर जमीन लागते. पण निष्कर्षाच्या परिच्छेदात तो अचानक येऊन बसतो, तेव्हा शंका येते. ‘पूर्वजांना सगळे ठाऊक होते’ म्हणणाऱ्यांच्या रांगेत मला उभे राहायचे नाही. सोळापट पाण्याचे कारण टॅनिनची विद्राव्यता आहे, असे शार्ङ्गधर कुठे म्हणत नाही.

   

जंगलातून असे संयुग काढण्याचा खरा जुना धंदा मात्र काताचा. खैराचे झाड तोडायचे, बाहेरचे पांढरे लाकूड तासून टाकायचे, आतल्या लालसर गाभ्याच्या ढलप्या करून पाण्यात तासन्‌तास उकळायच्या. ते पाणी आटवून थंड होऊ दिले की कात खाली बसतो, कारण त्यातले कॅटेचिन गरम पाण्यात सहज विरघळते आणि थंड पाण्यात फारसे नाही. वर उरलेला गडद द्रव टॅनिनचा. तो कातडी कमवायला आणि रंगाला जातो. हिरव्या चहाच्या डब्यावर ज्या कॅटेचिनांचे गुण गायलेले असतात, त्यांच्याच घराण्यातले एक इथे पानाला लावण्यासाठी शेकडो वर्षे काढले जात होते. कोकणात कातकरी, गुजरातेच्या बाजूला काथोडी, यांचे पोट या भट्ट्यांवर चाले. पुढे इंग्रजी जंगल कायद्यांनी खैराला हात लावणे गुन्हा ठरले, धंदा ठेकेदार आणि कारखान्यांकडे गेला आणि ही माणसे वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या भट्ट्यांवर जाऊन पोहोचली. इथला चोथा म्हणजे ती माणसे, असे मी म्हणेन. हे वाक्य भावुक वाटत असेल तर वाटू द्यावे.

ॲंटिऑक्सिडंट म्हणजे पथ्यकर, हा समज मोडायला बिबा पुरे आहे. त्याच्या टरफलातल्या काळ्या तेलात लांब शेपटीची कॅटेकॉले असतात, परीक्षानळीत मुक्तमूलकांना चटकन गाठणारी. तेच तेल कातडीला लागले तर फोड येतात, अंग सुजते. बिबा सुईला टोचून दिव्यावर धरतात, तेल सुटले की थेंब दुधात पाडतात. तोही मोजून, आणि कोणी घ्यायचा नाही हे आधी सांगून. चरक भल्लातकाला, म्हणजे बिब्याला, अग्नीसारखा म्हणतो आणि त्याच दमात, विधीप्रमाणे वापरला तर अमृतासारखा. त्या विधीला डीपीपीएचच्या आलेखात कुठे जागा नाही.

नंदुरबारला दुसरे एक टोक आहे, मिरचीचे. हंगामात शहराबाहेरच्या पथाऱ्यांवर ओली लाल मिरची पसरलेली असते, ठसका दूरवरून लागतो. हंगेरीतले सेगेद हे असेच लाल मिरचीचे गाव. तिथे अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी १९३०च्या दशकात तिथल्याच ताज्या पाप्रिकेतून क जीवनसत्त्व किलोकिलोने वेगळे काढले. १९३७चे नोबेल त्यांना मिळाले त्यामागे हेही काम होते. स्कर्व्हीवर लागू पडणारे नेमके संयुग कोणते, हे अशा अर्क काढण्यामुळेच कळले. हा मार्ग खोटा नाही, हे त्यावरून लक्षात ठेवावे. मिरची वाळली की त्यातले क जीवनसत्त्व बरेचसे जाते, लाल कॅरोटिनॉइडे टिकतात. आणि त्याच कॅरोटिनॉइडांच्या कुळातल्या बीटा-कॅरोटिनने पुढे सगळ्यांना थक्क केले. भाज्याफळे खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी दिसतो म्हणून फिनलंडमध्ये २९,१३३ पुरुष धूम्रपान करणाऱ्यांवर मोठी चाचणी झाली. १९९४ साली निकाल आला: शुद्ध बीटा-कॅरोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त. भाजीत जे होते आणि गोळीत जे नव्हते, त्याचा हिशोब अजून पुरता लागलेला नाही.

मुक्तमूलकांमुळे म्हातारपण येते हा विचार डेनहॅम हारमन यांनी १९५६ साली मांडला, आणि तारुण्याच्या बाटल्या विकणाऱ्यांचे तेव्हापासून फावले. सातपुड्याला मात्र न मरण्याचा वेगळा अनुभव आहे. अस्तंब्याच्या शिखरावर धनत्रयोदशीच्या सुमारास यात्रा भरते. धन्वंतरीची पूजा घरोघर होत असते त्याच दिवसांत भिल्ल, पावरा आणि खालच्या मुलखातले हजारो लोक रात्रभर डोंगर चढतात. तो डोंगर अश्वत्थाम्याचा. तो चिरंजीव आहे आणि कपाळाची जखम घेऊन हिंडतो. वाटसरूंपाशी तो आयुष्य मागत नाही, जखमेवर लावायला तेल मागतो, असे सांगतात. वाटेवरच्या झाडपाल्याची नावे आणि गुण याच चढणीत एका पिढीकडून दुसरीकडे जातात.

ही नावे सांगणाऱ्याला अर्कातून काय मिळते? हळदीचे अमेरिकी पेटंट १९९७ साली रद्द झाले, रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर ही सरकारी संशोधन संस्था लढली म्हणून. आणि ते जमले कारण आपल्यापाशी छापील पुरावा होता. केरळच्या काणी लोकांनी दाखवलेल्या आरोग्यपच्चा या वनस्पतीपासून तिरुवनंतपुरमच्या उष्णकटिबंधीय वनस्पती संस्थेने ‘जीवनी’ हे औषध केले आणि परवाना-शुल्काचा व स्वामित्वधनाचा अर्धा वाटा काणींना दिला. त्या कथेतही पुढे भानगडी झाल्या, पण वाटा द्यायचा असतो हे तरी ठरले. २००२च्या जैवविविधता कायद्याने लोक-जैवविविधता नोंदवह्या आल्या, पेसा आणि वनहक्क कायद्याने ग्रामसभेला गौण वनोपजावर हक्क मिळाला. मग २०२३च्या दुरुस्तीने ग्रंथांत आलेल्या पारंपरिक ज्ञानाला आणि लागवडीच्या औषधी वनस्पतींना लाभवाटपाच्या अटींतून मोकळे केले. आता बिबा चरकात आहे आणि अक्राणीच्या भगताच्या तोंडीही आहे. कारखानदाराला दोघांपैकी कोणाचे नाव सांगायचे याची मुभा असेल, तर तो ग्रंथाचेच सांगणार; ग्रंथाला वाटा द्यावा लागत नाही.

शोधनिबंधात ‘सामग्री आणि पद्धती’ या मथळ्याखाली ठरावीक ओळी असतात: वनस्पती अमुक जंगलातून अमुक महिन्यात गोळा केली, नमुना अमुक वनस्पती-संग्रहालयात जमा केला, मिथेनॉल अमुक कंपनीचे. कंपनीचे नाव न चुकता येते. झाड कोणी दाखवले, तो ते कशात उतरवतो, पाण्यात की तेलात की नुसते ठेचून, आणि कोणाला देत नाही, हे त्याच परिच्छेदात तीन ओळींत मावते. मार्गदर्शकाने पहिल्याच मसुद्यावर या ओळी मागायला हव्यात, आणि त्या छापण्याआधी दाखवणाऱ्याची आणि त्याच्या ग्रामसभेची संमतीही.