भुतालाही नियम असतात

बेंगळुरूतल्या बेळ्ळंदूरच्या उंच इमारतींत राहणाऱ्या मराठी आईबापांची एक तक्रार नेहमीची: पोरं वाचतात ते सगळं भुताखेतांचं. रात्री दचकून उठतील म्हणून पुस्तक कपाटावर जातं. खिडकीबाहेरचं तळं मात्र कुणाला कपाटावर ठेवता आलेलं नाही. मे २०१५ मध्ये त्यावरच्या फेसाने पेट घेतला. १६ फेब्रुवारी २०१७ला पुन्हा आग. जानेवारी २०१८ मध्ये तळ्यातलं सुकं गवत पेटलं, तेव्हा विझवायला लष्कराचे जवान उतरले. शहराच्या मोठ्या भागाचं मैलापाणी आणि साबणाचं पाणी इथे यायचं, सांडव्यावरून पडताना घुसळलं जायचं, आणि फेसाचे पांढरे लोट वाऱ्यासरशी रस्त्यावरच्या स्कूटरवाल्यांच्या अंगावर यायचे.

तळं जळताना पाहिलेल्या मुलाला भीतीची ओळख पुस्तकाने करून द्यावी लागत नाही. त्याला हवं असतं ते कारण, आणि ते देण्यात आपली जुनी भुतं तरबेज होती. मुंजा पिंपळावर का, तर सोडमुंज व्हायच्या आत पोर गेलं. जखीण का झाली, तर बाईची इच्छा राहून गेली. प्रत्येक भुतामागे कुणाचं तरी काहीतरी राहिलेलं, बहुधा कुणीतरी ते राहू दिलेलं. आणि त्याला नियमही असतात. नव्वदच्या दशकात याच बेंगळुरूत दारादारांवर ‘नाळे बा’, म्हणजे उद्या ये, असं लिहिलं जाई. रात्री दार ठोठावणारी बाई ते वाचते आणि निमूट परत जाते. मला ही आज्ञाधारक, साक्षर हडळ फार आवडते. तिच्यावरचा उपाय हातात खडू धरता येणाऱ्या कुठल्याही पोराला जमणारा आहे.

मराठीत अडचण आहे ती मधल्या वयाची. लहानपणी रत्नाकर मतकरींची चिंची चेटकीण, तिला पाहून हसायचं. मोठेपणी नारायण धारप आणि मतकरींच्याच गूढकथा. दहा ते चौदाच्या मुलासाठी फारसं काही नाही, म्हणून ते इंग्रजी ‘गूजबम्प्स’ आणि ‘कोरलाइन’कडे वळतं. त्यात वाईट काही नाही. पण त्या पानांत पिंपळ नसतो.

‘तुंबाड’ हा चित्रपट २०१८ मध्ये आला तो प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र घेऊन. रक्त, किळस पाहता ते समजण्यासारखं आहे. पण गोष्ट मुलांचीच आहे. पोरगा बापाबरोबर सोनं लपलेल्या एका विहिरीसारख्या गर्भात उतरतो. तिथल्या हस्तर या राक्षसाला गुंतवायला कणकेची एक बाहुली पुरते, एवढा नियम बापाने पाळलेला. अनेक बाहुल्या नेऊन सगळंच एकदम लुटायची कल्पना पोराची, आणि तिथेच घात होतो. हाव बापाकडून मुलाकडे कशी जाते, हे याहून स्पष्ट सांगणारं बालसाहित्य मला दाखवा.

सगळं भयसाहित्य चांगलं असतं असं मी म्हणत नाही. बरंचसं नुसतं भॉक् करणारं असतं. भूत कुठून आलं ते नाही, गेलं का ते नाही. अशा पुस्तकाला नकार द्यावा, पण तो भीतीसाठी नव्हे, फुकटच्या भीतीसाठी. वयाचा आकडा छापण्याआधी संपादकाने एवढंच विचारावं, की या भुताचं काय राहिलंय?

पेटत्या तळ्यावर अशी गोष्ट कुणी लिहिलीच, तर त्यातली पोरं माग काढत सांडव्यावरून नाल्याकडे, नाल्यावरून स्वतःच्या इमारतीच्या ड्रेनेजकडे आणि तिथून घरच्या वॉशिंग मशीनपाशी येतील. प्रकाशक कचरेल तो त्या पानावर. भुताच्या पानावर नाही.