मालिकेचा निरोप

एखाद्या माणसावरचे प्रेम आटले तर आपण स्वतःला चार प्रश्न विचारतो. पुस्तकमालिकेवरचे मन उडाले तर मात्र हातातला भाग मुकाट्याने वाचनालयात परत करतो आणि विषय संपवतो. वास्तविक ज्या नायकाच्या संगतीत वाचकाने वीस-वीस वर्षे काढली, त्याची संगत नकोशी होणे ही इतकी क्षुल्लक गोष्ट नव्हे. हिला कृतघ्नता म्हणावे, कंटाळा म्हणावे, की वाढत्या वयाचे शहाणपण, याचा थोडा विचार करावा असे आम्हांस वाटते.

आम्हां वरसावेकरांना हा विषय दूरचा नाही. खाडीवरच्या पुलाच्या तोंडाशी वाहनांच्या रांगेत खोळंबून राहणे हा २०२३ साली नवा पूल खुला होईपर्यंत आमच्या आयुष्याचा एक भागच होता, आणि हातात मोबाइल येण्यापूर्वी अशा वेळी पिशवीतून निघे ते कोपरे मुडपलेले पुस्तक, बहुधा रहस्यकथेचे. पुलापलीकडचा वसई तालुका तर या प्रांतात मिरवावा असाच. ज्यांच्या टोपणनावातच अर्नाळा आहे ते बाबूराव अर्नाळकर, म्हणजे चंद्रकांत सखाराम चव्हाण, १९९६ साली निवर्तले तेव्हा त्यांच्या नावावर हजाराहून अधिक रहस्यकथा होत्या. झुंजार, काळापहाड, धनंजय ही नावे एका पिढीला आपल्या नातलगांच्या नावांसारखी पाठ होती.

परंतु आमच्या मनात आहेत ते अर्नाळकरांचे नायक नव्हेत, तर नारायण धारपांचे समर्थ. धारप (१९२५–२००८) विज्ञानाचे पदवीधर. त्यांनी भयकथा लिहिल्या, विज्ञानकथाही लिहिल्या, आणि समर्थ हा नायक कथेमागून कथेत, वर्षानुवर्षे वागवला. समर्थ पोलीस नव्हेत, की पैसे घेऊन तपास करणारे गुप्तहेरही नव्हेत. कुणाच्या घरावर अतर्क्य संकट कोसळते, नेहमीचे उपाय थकतात, आणि मग समर्थांचे नाव निघते. ते शांतपणे ऐकून घेतात, जागा पाहतात, माहिती काढतात, संकटाचे मूळ शोधतात आणि आपल्या सामर्थ्याने त्याचा बंदोबस्त करतात. तपासाची रीत होम्सची, शत्रू मात्र पलीकडच्या जगातला. भुताखेतांची पुस्तके घरात नकोत असा वडीलधाऱ्यांचा दंडक असलेल्या आमच्या अनेक ख्रिस्ती घरांतही ही पुस्तके उशीखाली सरकवून वाचली गेली. रात्री रोझरी झाल्यावर कंदिलाच्या उजेडात समर्थ वाचण्यात जी गंमत होती ती पुढे ट्यूबलाइटखाली राहिली नाही, असे म्हणणारे वाचक आम्हांस ठाऊक आहेत. तो दोष अर्थातच ट्यूबलाइटचा नव्हे.

मग दोष कशाचा? धारपांचे खरे बळ साध्या घरात होते. भाड्याची खोली, नोकरदार कर्ता, तापाने फणफणलेले मूल, जिन्यावरचा न लागणारा दिवा. या ओळखीच्या वस्तूंतून ते भीती उभी करीत. ते घर आपले होते आणि त्यातली असहायता आपली होती. परंतु मालिका जसजशी लांबते तसतसा वाचक नायकाला ओळखू लागतो. समर्थ आले की संकट टळणार, हे दहाव्या पुस्तकाला पक्के ठाऊक झालेले असते. मग शत्रू अधिक भयंकर करावा लागतो, आणि त्याला पुरे पडावे म्हणून नायकाचे सामर्थ्यही वाढवावे लागते. या चढाओढीत ते भाड्याच्या खोलीतले कुटुंब मागे पडते. जो हरूच शकत नाही त्याच्या विजयाचा आनंद वाचकाने कितीदा मानावा? मालिकेची ही झीज एकट्या धारपांची नव्हे. ज्याने ज्याने एकच नायक दीर्घकाळ चालवला त्याला ती भोगावी लागली आहे.

लेखकही थकतात. कॉनन डॉइलने १८९३ साली होम्सला धबधब्यात ढकलले आणि दहा वर्षांनी, १९०३ मध्ये, वाचकांपुढे हात टेकून परत जिवंत केले. अ‍ॅगाथा ख्रिस्तीबाईंना पॉयरो असह्य झाला होता. त्याच्या मृत्यूची कादंबरी त्यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच लिहून ठेवली, पण ती प्रसिद्ध झाली १९७५ साली. लेखकाला प्रकाशक आणि वाचक सोडत नाहीत. वाचकाला मात्र कुणी धरून ठेवलेले नसते, आणि म्हणूनच त्याचे सोडून जाणे हा नीतीचा प्रश्न होऊ शकतो.

या प्रश्नाचा सर्वांत जुना आणि सर्वांत चांगला दाखला आम्हांस स्पेनमध्ये सापडतो. तेथे १५०८ साली अमादिस नावाच्या शूर सरदाराची अद्‍भुतकथा चार भागांत छापली गेली. राक्षस, जादूगार, मंतरलेले किल्ले, सारे काही तीत होते. लोक इतके वेडावले की पुढे मुले-नातवंडे जोडत मालिका बारा भागांपर्यंत ओढली गेली. लोयोलाच्या इग्नेशियसला याच पुस्तकांचा नाद. १५२१ साली पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडला, अंथरुणाला खिळण्याची पाळी आली, तेव्हा त्याने वाचायला मागितल्या त्या याच सरदारकथा. वाड्यात एकही निघाली नाही. मिळाले ते ख्रिस्तचरित्र आणि संतांची चरित्रे. पुढची गोष्ट धर्मग्रामातल्या मुलांनाही पाठ आहे, पण तिच्यातला एक बारकावा आम्हांस फार मोलाचा वाटतो. सरदारकीच्या कल्पना इग्नेशियसला नीरस वाटल्या नाहीत. त्यांत तो तीन-तीन, चार-चार तास रमे. फरक त्याच्या ध्यानात आला तो नंतरचा. त्या कल्पना ओसरल्यावर मन कोरडे पडे, आणि संतांच्या वाटेने जाण्याच्या कल्पना ओसरल्यावरही मन प्रसन्न राही. पुस्तक वाचताना काय वाटते एवढेच त्याने पाहिले नाही. मिटल्यावर काय उरते तेही पाहिले.

आविलाच्या संत तेरेसाबाईंनीही आत्मचरित्रात कबूल केले आहे की मुलगी असताना आईबरोबर त्या याच कथा वाचीत, वडिलांना चोरून वाचीत, आणि नवे पुस्तक हाती नसले की त्यांना चैन पडत नसे. ‘नवे’ हा शब्द येथे महत्त्वाचा. मालिकेची भूक ही बहुधा कथेची भूक राहत नाही, ती पुढच्या भागाची भूक होते.

आणि सर्व्हांतेसच्या ‘डॉन किहोते’मध्ये (१६०५) गावचा धर्मगुरू आणि न्हावी त्या वेड्या सरदाराची पुस्तके तपासतात. अमादिसचे मूळ चार भाग ते उत्तम म्हणून वाचवतात. त्याच्या मुलाची कथा मात्र बापाच्या पुण्याईकडे न पाहता खिडकीतून अंगणात भिरकावतात. आम्हांस हा न्याय पटतो, भिरकावणे सोडून.

येथे कुणी म्हणेल, उत्साह गेला म्हणून सोडायचे असे एकदा ठरले, तर मिस्साही सोडा, गायकवृंदही सोडा, संसारही सोडा! वाळवंटातल्या जुन्या मठवासीयांनी या उदासीनतेला भरदुपारी येणारा सैतान म्हटले होते आणि तिच्यापासून पळू नये, कोठडीतच बसून राहावे असे शिकवले होते. आक्षेप खरा आहे, पण तो पुस्तकाला लागू होत नाही. मठवासीयाने शब्द दिलेला असतो. पतिपत्नींनी वेदीसमोर शब्द दिलेला असतो, आणि तो दिला जातो तोच मुळी उत्साह नसेल त्या दिवसांसाठी. समर्थांना आपण कोणता शब्द दिला होता? वाचनालयाची वर्गणी भरली, रात्री जागवल्या, मित्रांना पुस्तके सुचवली. धारपांनीही आपले काम चोख केले. हिशेब पुरा झाला आहे. उलट, जेथे शब्द दिलेला नाही तेथे कर्तव्य म्हणून रेंगाळणे आणि जेथे दिला आहे तेथे कंटाळा आला म्हणून निघून जाणे, ही अदलाबदल आपल्याकडे फार होते. दूरदर्शनवरची मालिका पाचशे भागांपर्यंत नेटाने पाहणारी माणसे आजारी शेजाऱ्याकडे दुसऱ्यांदा जायचे टाळतात.

आपल्या पंथाच्या गुप्तहेरालाही यातून सूट नाही. चेस्टरटनचे फादर ब्राउन १९११च्या पहिल्या संग्रहात जितके ताजे आहेत तितके १९३५च्या पाचव्यात नाहीत. मधल्या काळात चेस्टरटनला आपले साप्ताहिक चालवण्यासाठी पैसा लागत होता आणि या कथा तो पुरवीत. तरीही त्या लवकर जुन्या होत नाहीत. फादर ब्राउन यांच्याजवळ कसलेच सामर्थ्य नाही. अद्‍भुत वाटणाऱ्या प्रकारामागे ते माणूस शोधतात, आणि त्या माणसाचे पाप आपल्याही हातून घडू शकले असते अशा नजरेने त्याच्याकडे पाहतात. फ्लांबो हा चोर त्यांच्या हाती पहिल्या कथेतच लागतो, पण त्याला सुधारायला त्यांना आणखी काही कथा लागतात. तेथे पुढचा भाग वाचावासा वाटतो तो फ्लांबोसाठी.

समर्थांची जुनी पुस्तके अजून पुष्कळ घरांत माळ्यावर आहेत. ती रद्दीत घालू नयेत. परवा ओळखीच्या एका घरात बारा-तेरा वर्षांच्या मुलाने त्यांतले एक खाली काढले आणि जेवणाच्या हाका कानांआड करून तो ते वाचीत बसला. समर्थ आले की सारे ठीक होणार, हे त्याला अजून ठाऊक नाही. आम्हीही त्याला ते सांगितले नाही.