मला काहीही चालतं

यंदाच्या अप्रेझलमध्ये माझ्याबद्दल एक विशेषण आलं: अ‍ॅडॅप्टेबल. रात्री अकराचा कॉल, ऐनवेळी बदललेली टीम, रद्द झालेली सुट्टी, मी सगळ्याशी जुळवून घेते. खूश होऊन आईला फोन केला. ती हसली. "म्हणजे माझ्यासारखीच झालीस. काहीही चालतं!"

तिथे मी अडकले. आई नेहमी शेवटी जेवते, गार पोळी खाते. विचारलं तर म्हणते, "मला गारच आवडते."

अ‍ॅडॅप्टेबल म्हणजे बदलू शकणारा. त्याचंच भावंड अ‍ॅडॅप्टिव्ह. फोनचा अ‍ॅडॅप्टिव्ह ब्राइटनेस बघा, उजेड पाहून आपल्याला न विचारता बदलतो. नॉर्वेचे विचारवंत योन एल्स्टर यांनी १९८३ मध्ये 'सावर ग्रेप्स' या पुस्तकात माणसाच्या इच्छांबद्दल असंच काहीसं मांडलं. त्यांना ते 'अ‍ॅडॅप्टिव्ह प्रेफरन्स' म्हणतात. उदाहरण आपल्या ओळखीचं आहे: कोल्ह्याला द्राक्षं आंबट. ही म्हण वापरताना आपण कोल्ह्याला ढोंगी समजतो. एल्स्टरचा कोल्हा मात्र ढोंग करत नाही. द्राक्षं मिळणार नाहीत म्हटल्यावर ती त्याला खरंच नकोशी होतात, आणि हे आपल्या आत घडलंय याचा त्याला पत्ताही नसतो. अमर्त्य सेनही म्हणूनच बजावतात की एखादी व्यक्ती समाधानी दिसते, एवढ्यावरून तिचं बरं चाललंय असं ठरवू नये.

मग जुळवून घेणं वाईट का? तसं नाही. समजून-उमजून एखादी इच्छा सोडणं वेगळं. प्रश्न एवढाच, की आवड बदलली तेव्हा दुसरा पर्याय हाताशी होता का?

पण हेही खरं, की "तुझी आवड तुझी नाहीच" असं आईला सांगणारी मी कोण? तोही एक उद्धटपणाच. म्हणून या खेपेला घरी गेले तेव्हा काही बोलले नाही. पोळ्या मी करायला घेतल्या आणि तिला आधी बसवलं. "अगं, मला गार..." म्हणत तिने तव्यावरची पहिली पोळी घेतली. मग दुसरी. तिसरी तिने स्वतःहून मागितली.

परत आल्यावर मॅनेजरला मेल लिहिला: रात्री अकराचा कॉल मला चालणार नाही. पाठवायच्या आधी मी तो चार वेळा वाचला. ते वाक्य माझंच आहे, याची सवय व्हायला वेळ लागला.